जिनिंगमधला जर्मनचा तास

यवतमाळात मी जर्मन भाषेचा क्लास काढला, तेव्हा जिना चढून वर आलेला पहिला माणूस हातात चेपलेला गंज घेऊन आला होता. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं. पेंटरने पाटीवर 'जर्मन' हा शब्द हातभर उंच काढला होता आणि 'भाषा वर्ग' हे शब्द उरलेल्या जागेत कसेबसे कोंबले होते. त्यामुळे त्या गृहस्थांची काही चूक नव्हती.

"बूड बसवून भेटन का?" त्यांनी विचारलं.

"इथे जर्मन शिकवतात, काका. भाषा."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "थे शिकून काय होते?" असं म्हणत गंज काखेत मारून ते खाली उतरले. हा प्रश्न पुढे मला पुष्कळांनी आडून आडून विचारला. इतक्या मोकळेपणी मात्र कोणी विचारला नाही.

माझं माहेर यवतमाळचंच. वडील सरकारी कचेरीत होते. मुलगी परदेशी जाईल म्हणून त्यांनी मला पुण्याला जर्मन शिकायला पाठवलं, आणि मी पुण्यापर्यंत गेले. तिथे बरीच वर्षं मोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना मी जर्मन शिकवलं, आणि त्याच्या जोडीला 'आंतरसांस्कृतिक संवाद' नावाचा विषय. ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. परक्या देशातल्या माणसाशी धंदा करताना कसं बसावं, किती हसावं, हात केवढ्या जोराने दाबावा आणि कशाबद्दल चुकूनही विचारू नये, याचं हे शास्त्र आहे. त्यात जगातली सगळी माणसं देशवार कप्प्यांत लावून ठेवलेली असतात. जर्मन माणूस घड्याळावर चालतो आणि तोंडावर बोलतो. जपानी माणूस वाकतो. भारतीय माणूस मान हलवतो. मी हे फार विश्वासाने शिकवत असे. एकाही जर्मन माणसाच्या घरी मी कधी जेवले नव्हते, पण त्यामुळे शास्त्राचं काही अडत नव्हतं.

मग नवऱ्याची बदली यवतमाळला झाली आणि मी परत आले. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. गंजवाले काका गेल्यावर हळूहळू नर्सिंग झालेल्या मुली यायला लागल्या. जर्मनीत नर्सेस हव्या आहेत ही बातमी जिल्ह्यात पसरली होती. त्या मन लावून शिकत आणि माझं बरं चाललं होतं. अशातच एके दिवशी मारेगावकडचे एक जिनिंगवाले भाऊ त्यांच्या मॅनेजरला घेऊन जिना चढून आले.

भाऊंची जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. आजूबाजूचे काही शेतकरी रासायनिक खत-फवारणीशिवाय कापूस पिकवत आणि तो सगळा कापूस भाऊंकडे येई. त्याची कीर्ती कशी कोण जाणे, जर्मनीतल्या एका कंपनीपर्यंत गेली होती. ती कंपनी तान्ह्या मुलांचे कपडे करायची.

"म्याडम, त्यायचे खरेदीचे मोठे साहेब येऊन राह्यले पुढच्या महिन्यात," भाऊ म्हणाले. "माह्या लोकाईले जरा जर्मन करून द्या."

"भाऊ, महिन्यात भाषा येत नाही."

"भाषा राहू द्या. इंग्रजी चालते त्यायले. आमाले वागाचं शिकवा. मांगं एक इटलीचं गिऱ्हाईक आलतं. त्याले आमच्या मॅनेजरनं इचारलं, पगार किती, लेकरं किती, अन् घर सोताचं हाय का किरायाचं. थे गिऱ्हाईक पुन्हा दिसलंच नाई."

"मी त आपुलकीनं इचारलं," मॅनेजर काका म्हणाले. सहकारी सोसायटीतून निवृत्त झालेले ते गृहस्थ होते, आणि अजूनही त्यांना आपलं चुकलं कुठे ते कळलेलं दिसत नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातले ते वातानुकूलित हॉल उभे राहिले. मी लगेच हो म्हणाले.

जिनिंगच्या ऑफिसात आमचे तास सुरू झाले. बाहेर कापसाच्या गाड्या रिकाम्या होत, यंत्रं घरघरत, आणि रुईचे पुंजके खिडकीतून आत येऊन माझ्या केसांवर बसत. विद्यार्थी मोजकेच. स्वतः भाऊ, मॅनेजर काका, आणि हिशेब पाहणारी एक तरुण मुलगी, जी भाऊंची दूरची पुतणी लागायची.

पहिला धडा हस्तांदोलनाचा. मॅनेजर काकांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. हात धरूनच त्यांनी मला माझ्या सासरचं गाव विचारलं, तिथल्या त्यांच्या एका साडूची चौकशी केली, आणि चहा मागवला. "काका, तीन वेळा हलवायचा आणि सोडायचा," मी म्हटलं. ते दुखावले. "एवढ्या लौकर सोडला त पावण्याले वाटन का आपल्याले राग आला."

दुसरा धडा डोळ्यांत बघून बोलण्याचा. पुतणीला ते अजिबात जमेना. ती कपाळाकडे बघे, कानाकडे बघे, शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे. "म्याडम, मोठ्या माणसाच्या डोळ्यात पाहून बोलली त आमच्या घरी मार भेटते," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की जर्मन माणसाला खाली बघणारा माणूस खोटारडा वाटतो. त्यावर तिने डोळे इतके विस्फारून माझ्याकडे पाहिलं की तिचं ऐकताना मीच खाली बघायला लागले.

पण सगळ्यात जड गेला तो 'नाही' म्हणण्याचा धडा. मी जर्मन साहेब झाले आणि विचारलं, "गाठी आठ दिवसांत मिळतील?"

"पाहू न," मॅनेजर काका म्हणाले.

"म्हणजे मिळतील?"

"आठ दिवसात कशा भेटतीन? महिना लागते."

"मग नाही म्हणा."

"अशा मोठ्या माणसाले तोंडावर नाई कसं म्हणाचं? 'पाहू' म्हटलं का समजून जाते थो."

"जर्मन माणूस समजत नाही, काका. तो आठ दिवसांनी ट्रक घेऊन येतो."

मग मी त्यांना 'नाइन' शिकवलं, जर्मनमधलं 'नाही'. तो शब्द ऐकून भाऊ खूश झाले. "हे त आपलं 'नाई'च हाय, शेवटी एक न लावला का झालं!" त्या दिवसापासून जिनिंगमध्ये नाइनची साथ आली. हमाल सुट्टी मागायला आला की भाऊ म्हणत, नाइन. पुतणीला गाठी किती विचारल्या की ती गोंधळून बोटं दाखवत असे, कारण इंग्रजीत नऊ आणि जर्मनमध्ये नाही, हे तिच्या डोक्यात एकमेकांत गुंतून बसलं होतं.

शेवटचा धडा जेवणाचा होता. त्यासाठी भाऊंच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, मुद्दाम बोलावलं. घर जिनिंगला लागूनच होतं आणि पाहुण्यांचं जेवण तिथेच होणार होतं. मी सांगितलं की आग्रह करायचा नाही. पाहुणा एकदा नको म्हणाला की संपलं, पुन्हा विचारायचं नाही, ते लोक तो अपमान समजतात.

वहिनी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "आग्रह नाई कराचा? मंग वाढाचं कसं?"

"विचारायचं. हो म्हणाले तर वाढायचं."

"पहिल्या बारीले हो कोणी म्हणते काय, बाप्पा?"

भाऊंनी त्यांना दटावलं. "म्याडम सांगून राह्यल्या थे आयक. थे लोकं आपल्यावानी नसते."

पाहुणे यायचे होते त्या दिवशी सकाळी मी पोचले तर सगळे फाटकाशी उभे. नऊची वेळ ठरली होती आणि जर्मन माणूस मिनिटाचाही उशीर करत नाही असं मी सांगून ठेवलेलं. भाऊंनी ढोल-ताशा रद्द केला होता, फेटेही रद्द केले होते, आणि त्याबद्दल ते थोडे खिन्न होते. मॅनेजर काका उजवा हात पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

नऊ वाजून गेले. दहा वाजले. थंडीचे दिवस असूनही उभं राहून घाम फुटला. हमाल आपापसात हसायला लागले. "अपघात त नाई न झाला?" भाऊंनी विचारलं. अकराच्या सुमाराला नागपूरकडून एक गाडी आली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, उंच, अंगात कॉटनचा कुर्ता, गळ्यात ओढणी, कपाळावर टिकली. खरेदीचे मोठे साहेब ते हेच.

भाऊ हात पुढे करून गेले. बाईंनी दोन्ही हात जोडले आणि खाली वाकून "नमस्ते" म्हटलं. भाऊंनी घाईघाईने हात मागे घेऊन जोडले. तोवर बाईंनी आपला हात पुढे केलेला. पुतणी या सगळ्याकडे पापणी न लववता बघत होती.

मी जर्मनमधून स्वागत केलं. बाईंचा चेहरा उजळला. कोणी तरी आपल्या भाषेतलं भेटलं म्हणून त्या माझ्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी वेळेआधीच पोचले होते. चौकातल्या धाब्यावर दोन तास गाडीत बसून राहिले. आमच्याकडे भारतात येण्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. त्यात सांगितलंय की इथे ठरल्या वेळेला गेलं तर यजमानाची पंचाईत होते."

मागे भाऊ वळून मॅनेजर काकांना म्हणत होते, "काही तरी मोठी अडचण आली असन. थे लोकं असे लेट होत नसते."

जिनिंगच्या आवारात शिरताना बाई अचानक थांबल्या आणि त्यांनी बूट काढले. भाऊ "नो, नो" म्हणत धावले, पण बाईंनी नम्रपणे मान डोलावली आणि अनवाणीच आत गेल्या. भारतीय माणसाच्या वास्तूत चपला घालून जाऊ नये, हेही त्यांना शिकवलेलं. आवारात कापसाच्या बोंडांची सुकी टरफलं पडलेली असतात, टोकदार. आमचे हमालसुद्धा तिथे पायात काही घातल्याशिवाय फिरत नाहीत. बाई ओठ घट्ट मिटून यंत्रं बघत होत्या, आणि भाऊ माझ्या कानाशी विचारत होते, "यायच्या देशात असंच फिरतेत काय, म्याडम?"

ऑफिसात चहा आला. "नो, थँक यू," बाई म्हणाल्या. वहिनींनी तत्परतेने ट्रे परत नेला. तर्रीपोहे आले. "नो, थँक यू." पोहे गेले. संत्री आली, संत्रीही गेली. मॅनेजर काकांना ते बघवेना. "एकडाव पुन्हा इचारू काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. नियम माझाच होता.

मग धंद्याचं बोलणं सुरू झालं. बाईंनी विचारलं, पुढच्या हंगामात याच्या दुप्पट गाठी देता येतील का? मी मराठीत सांगितलं. भाऊंनी माझ्याकडे एक शिकलेला विद्यार्थी बघतो तसं पाहिलं, खुर्चीत ताठ झाले, बाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाइन!"

पण मान काही शिकवणीला आलेली नव्हती. ती सवयीने इकडून तिकडे डोलली.

बाई हसल्या आणि त्यांनी टॅबवर काहीतरी टिपलं. मी घाबरून म्हटलं, "ते नाही म्हणतायत."

"मला माहीत आहे," बाई समजूतदारपणे म्हणाल्या, "पण तुमच्याकडे तोंडापेक्षा मानेकडे बघायचं असतं. मान हो म्हणाली."

हा धडा मला फार ओळखीचा वाटला. त्यांच्या गावातही माझ्यासारखी कोणी तरी बाई असणार, जिच्याजवळ भारताचा कप्पा होता.

जेवायला सगळे घरी गेलो. वहिनींनी दोन दिवस राबून पाटवडीचा रस्सा, कोथिंबिरीची सांबारवडी, वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, पुरणपोळ्या असं सगळं केलं होतं. वहिनींनी भाकर पुढे केली. बाई हसून नको म्हणाल्या. वहिनींनी भाकर मागे घेतली. पोळीचं तेच झालं. बाईंच्या ताटात फक्त मीठ आणि लिंबाची फोड होती. आम्ही सगळे जेवत होतो, आणि बाई आमच्या घासांकडे बघत होत्या. त्यांच्या पोटातून आलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी जर्मनमध्ये सरळ विचारलं, "तुम्हाला भूक लागलीय का?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "खूप. सकाळी सहापासून काही खाल्लं नाही. भारतात आधी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असं सांगितलंय. पण इथे कोणी दुसऱ्यांदाही विचारत नाही. माझं काही चुकलंय का?"

मी भाऊंना सांगितलं. भाऊंचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुम्हीच सांगतलं न, नाई म्हणजे नाई?" ते माझ्यावर कडाडले. "माह्या घरून आजलग कोणी उपाशी गेलं नाई, म्याडम. दुश्मन बी जेवून गेला. अन् एवढ्या दुरून आलेली बाई माह्या पंगतीत रिकामं ताट घेऊन बसली! कोणाच्यापायी?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. मी मान खाली घातली, जे माझ्याच शिकवणीच्या विरुद्ध होतं. बाई घाबरून आमच्या दोघांकडे बघत होत्या.

वहिनी उठल्या. त्यांनी भाऊंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. बाईंच्या ताटात दोन भाकरी, वाटीभर रस्सा, वर तुपाची धार. बाईंनी सवयीने हात आडवा धरला तेव्हा वहिनींनी तो हात सरळ बाजूला केला. पहिल्या घासाला बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि त्यांनी दुसरा घास घेतला. रस्सा किती तिखट असतो हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. मॅनेजर काकांनी संधी साधून विचारलं, "लेकरं किती म्हणा यायले?" आणि मी, आता माझं काय जायचं राहिलंय अशा विचाराने, तो प्रश्न भाषांतर करून टाकला.

"एक मुलगी," बाई नाक पुसत म्हणाल्या. "माझ्याशी बोलत नाही."

"माहा लहाना बी बोलत नाई," काका म्हणाले. "पुण्याले असते."

ते दोघं यावर बराच वेळ बोलले, माझ्यामार्फत.

जेवणानंतर भाऊ रुईचा एक पुंजका घेऊन आले आणि खाटेवर बसले. चिमटीत धरून तो ताणायचा, सुटे तंतू जुळवायचे, पुन्हा ताणायचा, अशी तंतूची लांबी पाहायची रीत असते. बाईंनी हात पुढे केला, पुंजका घेतला आणि अगदी तसाच ताणला. त्या मूळच्या सूतगिरणीतल्या. बोटांना सराव होता. मग भाऊ एक लांबी म्हणाले, बाई त्याहून कमी म्हणाल्या. भाऊ चिडले. दुसरा पुंजका आला. ओलावा, कचरा, लांबी, हे शब्द भाऊ त्यांच्या इंग्रजीत म्हणत, बाई त्यांच्या इंग्रजीत म्हणत, आणि दोघांचं इंग्रजी सारखंच वाईट असल्याने काही अडत नव्हतं. मी कोपऱ्यात बसून पुरणपोळी खाल्ली. कोणी मला काही विचारलं नाही.

मध्येच बाईंनी पुन्हा दुप्पट गाठींची गोष्ट काढली. या वेळी भाऊंनी शिकवलेलं काहीच वापरलं नाही. "मले जेवढा भेटते तेवढाच देईन," ते म्हणाले. "दुप्पट पाह्यजे असन त बाहेरचा फवारणीचा कापूस मिसळा लागन. अन् थो तुमच्या लेकरायच्या अंगाले लागन. मी नाई मिसळत." आवाज चढलेला, मान एकदम स्थिर. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण बाईंनी हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी टॅबवरचं सकाळचं टिपण पुसलं.

सौदा झाला, आहे तेवढ्याच गाठींचा. निघताना बाईंनी बूट घातले, वहिनींना मिठी मारली, आणि मॅनेजर काकांचा हात बराच वेळ धरून ठेवला. भाऊंनी मला गाडीपर्यंत सोडायला येत म्हटलं, "रागात बोललो, ताई. मनावर नोका घेऊ." दिवसभर म्याडम होते, ती ताई झाले.

काही महिन्यांनी त्या बाईंचा मेल आला. त्यांच्या कंपनीने त्यांना 'भारताचा अनुभव' सांगायला उभं केलं होतं. आता त्यांच्याकडच्या नव्या लोकांना शिकवतात की मध्य भारतातला माणूस डोळे न मिटता बघतो, पदार्थ दाखवून परत नेतो, आणि जेवणाच्या आधी यजमान व दुभाषी यांचं भांडण होणं हा तिथला रिवाज आहे. खाली लिहिलं होतं, काही राहिलं असेल तर कळवावं.

इकडे भाऊही स्वस्थ बसलेले नाहीत. परवा आर्णीला एका लग्नात ते व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहून सांगत होते, "जर्मन माणसाले टायमाचं काही नसते. बूट त्याले आवडत नाई. अन् रस्सा पाजल्याबिगर थो सौदा करत नाई." सगळे गंभीरपणे ऐकत होते. मला पाहताच भाऊंनी हाक मारली आणि ओळख करून दिली. "ह्याच म्याडम. यायनंच शिकवलं आमाले सारं." त्यातल्या एका सोयाबीनवाल्याने लगेच विचारलं, कोरियाचं जमन का?

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये नर्सिंगच्या मुली होत्या. एकीचा व्हिसा झाला होता, पुढच्या आठवड्यात निघणार होती. तिने विचारलं, "मॅडम, तिकडची माणसं कशी असतात?"

कपाटात माझी सगळी जुनी टिपणं होती, देशवार. मी तिला म्हटलं, "भेटली की मला फोन करून सांग." आणि खडू घेऊन फळ्यावर क्रियापदं लिहायला लागले.